आजोबांचे नाव वहीत सापडेल का?

'आपले मूळ गाव कोणते?' असे नातवंडांनी विचारले की भिलाईतल्या पुष्कळ मराठी घरांत मोठी माणसे अडखळतात. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नोकरीसाठी विदर्भातून आलेली माणसे इथलीच होऊन गेली. गंमत म्हणजे १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग एकाच राज्यात होते!

शोध 'कोतवाल बुका'पासून सुरू करावा. गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवालाने द्यायची आणि ती वहीत चढायची. हे जुने दप्तर सहसा तहसील कार्यालयात असते; अर्ज केल्यावर नक्कल मिळते. जातीच्या दाखल्यालाही ती उपयोगी पडते. मात्र वहीत आजोबांचेच नाव शोधाल, तर फसाल. खबर बारशाआधीच पोचायची, म्हणून कित्येक नोंदींत नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. नॉर्वेसारख्या देशात चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याबरोबर बाळाचे नावही लिहीत. ती सोय इथे नाही. पणजोबांचे नाव, गाव आणि तारीख जुळवूनच ओळख पटवावी लागते. त्यातून शाळेतली जन्मतारीख बऱ्याचदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली! तेव्हा मागची-पुढची दोन-तीन वर्षे चाळावीत.

आणखी मागे जायचे असेल, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव व आडनाव सांगावे. यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे त्यांच्या वह्यांत मिळू शकतात. जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा सोबत हवा. लेकींची नावे मात्र तिथे क्वचितच. पणजीचे माहेर हवे असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंना आधी विचारा.