गुलामांच्या जहाजांमागून निघालेलं गाणं: अँजेलिक किजो

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या किनाऱ्यावर उइदा नावाचं गाव आहे. गुलामांच्या व्यापारातलं हे एक मोठं बंदर होतं. इथून बेड्या घालून नेलेली माणसं ब्राझील, क्युबा, हैतीला पोचली. सोबत त्यांचे ताल आणि देवही गेले.

याच बेनिनची गायिका अँजेलिक किजो. कलावंतांनी सरकारची गाणी गावीत असा दबाव वाढला, तेव्हा १९८३ मध्ये तिने देश सोडला आणि पॅरिस गाठलं. पुढे तिने समुद्रापार गेलेल्या त्या तालांचा माग काढत तीन अल्बम केले:

🎵 ओरेमी (१९९८): अमेरिकेतलं कृष्णवर्णीय संगीत. यात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं 'वूडू चाइल्ड' हे गाणं तिच्या आवाजात आहे.
🎵 ब्लॅक आयव्हरी सोल (२००२): ब्राझीलचा बाहिया प्रांत.
🎵 ओयाया! (२००४): कॅरिबियन बेटं, साल्सा आणि कॅलिप्सो हे संगीतप्रकार.

२०१९ चा 'सेलिया' हा अल्बम म्हणजे क्युबाची साल्सा-सम्राज्ञी सेलिया क्रूझ हिला मानवंदना. यातल्या गाण्यांत येमाया, एलेग्वा हे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे देव भेटतात. मालकांनी धर्म बदलायला लावला, तरी गुलामांनी हे देव ख्रिस्ती संतांच्या नावाआड जपले होते. या अल्बमला २०२० मध्ये ग्रॅमी मिळालं.

मला किजो थोर वाटते ती यासाठी, की तिच्या गाण्यात गुलामगिरीचं दुःख आहेच, पण त्याहून ठळक आहे माणसांची हार न मानण्याची जिद्द. सुरुवात 'ब्लॅक आयव्हरी सोल'पासून करा, आणि ढोलांकडे नीट कान द्या!