जोर लावू नकोस, आटे बघ

गोरेगाव पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाबांचा भाड्याचा गाळा होता. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि दाराशी लोंबणारा बल्ब. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे आणि पत्र्याच्या डब्यातले नट-बोल्ट जुळवत राहायचे. दहा एमएमचा बोल्ट, दहा एमएमचाच नट. दोन फेरे सुरळीत, तिसऱ्याला अडला. मी पान्ह्याकडे हात नेला की बाबा लेथवरची नजर न काढता म्हणायचे, "जोर लावू नकोस. आटे बघ." एकाच मापाच्या बोल्टला जाड आटे असतात तसे बारीकही असतात. जाडमध्ये दोन आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर, बारीकमध्ये सव्वा. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण नटाला बरोबर कळतं.

गाळा केव्हाच सुटला. मी फिजिक्स शिकले आणि उपनगरातल्या एका कॉलेजात ते शिकवू लागले. बाबांचं हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते कॉम्प्युटरसमोर, रात्री साडेअकराला.

त्याचं कारण खोडद. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. तिथे 30 अँटेना आहेत, प्रत्येकीच्या तबकडीचा व्यास 45 मीटर. त्यातल्या 14 मध्यभागी दाटीवाटीने आणि 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत. ही दुर्बीण फोटो काढत नाही. दोन-दोन अँटेनांनी पकडलेल्या लहरी ती एकमेकींशी ताडून बघते. तीस अँटेनांच्या अशा 435 जोड्या होतात आणि रात्रभर प्रत्येक जोडीचे आकडे साठत जातात. त्या आकड्यांमधून आकाशाचं चित्र काढायचं काम कॉम्प्युटरचं. जुन्या निरीक्षणांचे आकडे ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुले होतात. म्हटलं, गोरेगावच्या आपल्या खोलीत बसून एका आकाशगंगेचं रेडिओ-चित्र काढून बघू.

चित्र काढण्यासाठी मी डब्ल्यूएस-क्लीन हा प्रोग्रॅम निवडला. नेदरलँड्सच्या आंद्रे ऑफ्रिंगा यांचा हा प्रोग्रॅम फुकट आणि खुला आहे. खुला म्हणजे त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर, कुणालाही मिळतो. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला तो मजकूर कळत नाही. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्याचं प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. बाबांच्या भाषेत सोर्स म्हणजे ड्रॉइंग आणि आपण डबल-क्लिक करतो तो तयार जॉब. आपण बहुतेक वेळा तयार जॉबच आणतो. मला मात्र ड्रॉइंग आणून आपल्याच लेथवर जॉब काढावा लागला. कॉलेजच्या ज्या मशीनवर मला घरून जोडून घेऊन काम करायचं होतं त्याची सिस्टिम जुनी होती. तिथे मिळणारी तयार आवृत्ती त्याहून जुनी. आणि काही नवीन बसवायची परवानगी माझ्याकडे नव्हती. फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये काय हवं ते करायची मुभा होती.

ड्रॉइंग उघडल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की एका जॉबमागे दहा जॉब असतात. विज्ञानातले प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत बसत नाही; इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग, म्हणजे लायब्ररी, वापरतो. खगोलशास्त्रात फिट्स नावाची फाइल चालते, 1981 साली तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. ती वाचायला नासाची सीएफआयटीएसआयओ ही लायब्ररी. आकड्यांवरून चित्राकडे जायला फूरिये रूपांतर. त्यासाठी एफएफटीडब्ल्यू, एमआयटीत मातेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी 1997 च्या सुमारास लिहिलेली. मोठमोठ्या चौकटींच्या गणितासाठी ब्लास आणि लापॅक. दुर्बिणीच्या वेळा आणि दिशा सांभाळायला कासाकोअर. त्या कासाकोअरला पुन्हा डब्ल्यूसीएसलिब लागते. शिवाय पृथ्वीच्या फिरण्याचं कोष्टक! पृथ्वी घड्याळासारखी एका वेगाने फिरत नाही, किंचित मागेपुढे होते. त्याचा मोजून काढलेला हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध होतो, तो जवळ नसेल तर कासाकोअर कुरकुरते. या सगळ्याला डिपेन्डन्सी म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. एकीचं अडलं की तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांचं अडतं, आणि अडलंय नक्की कुठे ते सगळ्यात वरची कधीच सांगत नाही.

काम सांगायला सोपं आहे. आधी एक प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही ते चाचपतो. मग 'मेक' म्हणायचं. मेक एकेक फाइल कंपायलरकडे देतो आणि जी बदललेलीच नाही ती पुन्हा देत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये तो लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रोग्रॅममधली चूक सुधारली होती, पण नव्याने कंपाइल करायचं राहिलं, आणि मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ वाया गेली. त्यावरून फेल्डमनना मेक सुचला. शेवटी सगळे तुकडे लिंकर एकमेकांना जोडतो. आटे जुळतात की नाही हे तिथे कळतं.

माझं अडलं ते तिथेच. शनिवारची रात्र. स्क्रीनवर टक्के सरकत होते. नव्वदच्या पुढे गेले तशी मी चहा टाकायला उठले. येऊन बघते तर लाल अक्षरात एक ओळ: एफएफटीडब्ल्यू-थ्री-एफ सापडत नाही.

बाबा सोफ्यावर जागेच होते. "सापडत नाही म्हणजे? काल तूच बनवलीस म्हणालीस ना?"

बनवली होती. फोल्डर उघडून बघितलं तर लायब्ररी होती, पण नावाच्या शेवटचा 'एफ' नव्हता. कॉम्प्युटर दशांश आकडे साधारण दोन मापांत ठेवतो. मोठ्या मापात पंधरा-सोळा अंक बिनचूक राहतात, लहान मापात सातेक. लहान मापाला जागा निम्मी लागते, म्हणून प्रचंड चित्रांसाठी तेही लागतं. एफएफटीडब्ल्यूचा सोर्स एकच, पण प्रत्येक मापाची लायब्ररी वेगळी काढावी लागते. काही सांगितलं नाही तर मोठ्या मापाची निघते. लहान मापासाठी 'एनेबल-फ्लोट' असं सांगून सगळं पुन्हा कंपाइल करायचं. मी एकदाच केलं होतं.

"अगं, म्हणजे जाड आटे आणि बारीक आटे," बाबा म्हणाले. "ड्रॉइंग एकच, आटे पाडायच्या डाय दोन."

दुसरी डाय फिरवली आणि जॉब निघाला. चालवायला गेले तर नवीनच तक्रार: सीएफआयटीएसआयओची नऊ क्रमांकाची फाइल हवी. माझ्याकडे दहा होती. आणि इथे मी पान्हा उचलला. दहाच्या फाइलला नऊ नावाचा जोडदुवा करून दिला. नाव जुळलं, तक्रार गेली, प्रोग्रॅम सुरू झाला, आणि मिनिटाभरात 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढं म्हणून आडवा झाला. लायब्ररीचा क्रमांक बदलतो तो बहुधा आतली मांडणी बदललेली असते म्हणून. कोणती गोष्ट कुठे ठेवलीय ते जुन्या मापाने शोधायला गेलं की भलतंच हाताला लागतं. माझं नशीब, तो आडवा झाला. कधी कधी आडवा होत नाही; चुकीचा आकडा शांतपणे देतो आणि आपण त्यावर चित्र काढतो. जोर लावून बसवलेला नट धरलाय असं वाटतं, खरं तर त्याने आटे खाल्लेले असतात.

मग एलडीडी ही छोटी आज्ञा शिकले. प्रोग्रॅम कोणत्या लायब्ररीला कुठल्या फोल्डरमध्ये जोडलाय याची ती यादी देते. यादीत दिसलं, की कासाकोअर माझ्या फोल्डरमधली दहा क्रमांकाची वापरत होती आणि डब्ल्यूएस-क्लीन जुनी नऊ मागत होता. मी तो नव्याने बांधला, दोघांना एकाच लायब्ररीवर आणलं. नंतर उत्साहात तो पेनड्राइव्हवरून घरच्या लॅपटॉपवर आणला. तिथे उत्तर आलं, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. कंपाइल करताना मी कॉलेजच्या प्रोसेसरच्या खास आज्ञा वापरायला सांगितल्या होत्या. त्याने वेग मिळाला, पण माझ्या लॅपटॉपच्या जुन्या प्रोसेसरला त्या आज्ञा येतच नव्हत्या. एका मशीनच्या मापाला घासलेला जॉब दुसऱ्या मशीनला बसेलच असं नाही.

हे सगळं ऐकून शेजारच्या सरांनी विचारलं, एवढा आटापिटा कशाला? तयार मिळतं ना? मिळतं. कोंडासारखी सोय आहे, ती जुळलेल्या लायब्ररींचा अख्खा डबा आणून ठेवते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेलं स्पॅक डिपेन्डन्सींचं हे सगळं झाड आपल्या मशीनवर आपणहून कंपाइल करतं. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने पलीकडे गेलं की पवईची आयआयटी. तिथले प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेलं 'मायावी' हे त्रिमितीय चित्रं काढणारं साधन पायथनमध्ये आहे, पण त्याचा सगळा भार व्हीटीके या सी-प्लस-प्लसमधल्या भल्यामोठ्या लायब्ररीवर. ती तयार मिळाली नसती, तर ते वापरणाऱ्यांपैकी कितीजणांनी पहिल्याच दिवशी हात टेकले असते! त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अशा खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही आहेत. मीही विद्यार्थ्यांना आधी तयारच घ्यायला सांगते.

पण एकदा तरी ड्रॉइंगवरून काढा, असंही सांगते. वर्गात मी फळ्यावर 0.1 अधिक 0.2 लिहिते आणि एकाला पायथनमध्ये करायला लावते. उत्तर येतं 0.30000000000000004. मुलं हसतात. मग मी सांगते, दशांश आकडे कोणत्या क्रमाने मिळवले त्यावरही शेवटचा अंक बदलू शकतो, आणि तो क्रम लायब्ररी आणि कंपायलर ठरवतात. एकच सोर्स, दोन मशीन, शेवटच्या अंकात फरक. म्हणून शास्त्रज्ञाने नुसतं उत्तर सांगून भागत नाही. ते कशावर उभं आहे तेही सांगावं लागतं.

बाबांकडे प्रत्येक जॉबचं कार्ड असायचं: धातू, माप, आट्यांची पिच, तारीख. तशी आता माझी एक दोनशे पानी वही आहे. लायब्ररीचं नाव, आवृत्ती, कंपायलर, दिलेली प्रत्येक सूचना. चित्र निघालं: मधे एक ठिपका आणि दोन्ही बाजूंना फिकट ढग. आकाशगंगेच्या गाभ्यातून निघालेले झोत दूरवर जाऊन असे पसरतात.

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने तो प्रोग्रॅम मागितला. पेनड्राइव्ह न देता मी तिला वहीच्या त्या पानाची झेरॉक्स दिली. ती गेल्यावर बाबांनी वही ओढून घेतली, चष्मा वर केला आणि बोट फिरवत यादी वाचली.

"ती एफएफटीडब्ल्यू दोनदा काढावी लागते, ते लिहिलं नाहीस."

खरंच नव्हतं. मी पेन घेतलं आणि तिला फोन लावला.