दुष्यंताचे विस्मरण

महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत शकुंतलेला ओळखतो. तरीही भर सभेत तिला नाकारतो. केवळ तिच्या शब्दावर पुत्राचा स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती, असे तो आकाशवाणीनंतर सांगतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप व मुद्रिका योजून राजाला या असत्यातून सोडविले. मग राजा सर्वस्वी निर्दोष ठरतो काय? पाचव्या अंकाच्या आरंभी, राजाने एकदाच प्रेम करून दूर लोटलेल्या हंसपदिकेचे उपालंभगीत ऐकू येते. तिच्या बाबतीत कोणताही शाप नव्हता. शापाने जे घडविले त्याचे बीज राजाच्या स्वभावातच होते, हे रवींद्रनाथ ठाकुरांनी याच प्रसंगावरून दाखविले. हे ध्यानी घेतल्यास शकुंतलेचा सभेतील संताप अस्थानी वाटत नाही.