निवड चाचणी नेमके काय मोजते?

एकाच वर्गातल्या, कागदावर एकाच वयाच्या दोन मुलांना तीस मीटर पळवले आणि त्यातला एक चार हात पुढे निघाला, तर त्याला चपळ म्हणण्याआधी त्याला मिसरूड फुटली आहे का हे पाहायला हवे. मुलग्यांमध्ये उंची वाढण्याचा वेग साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास टोक गाठतो आणि त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटीमीटर वाढू शकतो. मुलींमध्ये हा टप्पा सुमारे दोन वर्षे आधी येतो. मात्र ही झाली सरासरी. कोणाचे शरीर बाराव्या वर्षीच ही उडी घेते, कोणाचे सोळाव्या वर्षी. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलांच्या एका संघात मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचे वय पाहिले, तर चार-पाच वर्षांचे अंतरही सापडते. टेस्टोस्टेरॉन वाढले की स्नायू भरतात, उडी लांबते, धक्का सोसण्याची ताकद येते, आणि यातले बरेचसे फारशा सरावाशिवायच घडते. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीत ८ ते १४ वयोगटातली मुले निवडताना उंची, वजन, उभ्याने उडी, मेडिसिन बॉल फेक, ३० मीटर धाव, शटल रन, ८०० मीटर धाव अशा चाचण्या घेण्याची पद्धत आहे. शिस्तशीर, आकड्यांत मांडता येणारी, वशिल्याला कमी वाव देणारी म्हणून ही पद्धत चांगलीच. पण यातल्या बहुतेक चाचण्यांत आधी वयात आलेला मुलगा आपोआप वरचढ ठरतो. बालवयात व्यावसायिक झालेल्या फुटबॉलपटूंच्या ताणाविषयी बोलताना पैसा, प्रसिद्धी आणि पालकांची हाव यांची चर्चा होते. त्या ताणाची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधी, या मोजमापाच्या घोळात होते. आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा घोळ सर्वांत महाग पडतो.

धुळ्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे: भिल्ल, पावरा, गावित, मावची, कोकणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली आहेत आणि जवळजवळ निम्म्या मुलांची उंची खुंटलेली आहे. हा आकडा आपण कुपोषणाच्या बातमीत वाचतो आणि पान उलटतो. क्रीडा पानाशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. लहानपणी पोषण कमी पडलेल्या मुलांचे वयात येणे लांबते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने खेड्यातल्या मुलग्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून दाखवले आहे. अशा मुलांची वाढ उशिरा सुरू होते आणि अधिक काळ चालू राहते; मागची तूट पूर्ण भरून निघतेच असे नाही, पण तेराव्या वर्षी दिसणारे शरीर हे त्यांचे अंतिम शरीर नसते, एवढे नक्की. म्हणजे धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतला तेरा वर्षांचा मुलगा पुण्या-मुंबईतल्या सुपोषित, आधीच वयात आलेल्या तेरा वर्षांच्या मुलाशेजारी उभा राहतो, तेव्हा चाचणीत एका मुलाशी दुसऱ्या मुलाची तुलना होत नसते. मुलाची तुलना अर्ध्या तरुणाशी होत असते.

यात जन्मतारखेचा गोंधळ वेगळाच. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी १९८५मध्ये आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू संशयास्पद रीतीने जास्त निघाले. वयोगटाची सीमारेषा १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराने मोठे असते. ते निवडले जाते, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो आणि मग ते खरोखरच चांगले खेळू लागते. फुटबॉलमध्येही हाच कल देशोदेशी पुन्हा पुन्हा आढळला आहे. आपल्याकडे तो तपासायला बसलो तर पहिला अडथळा येईल तो १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ही तारीख महाराष्ट्रातल्या कित्येकांच्या दाखल्यावर आहे. दवाखान्यात बाळंतपणे वाढल्यापासून ही सवय मागे पडत आहे, पण ती पुरती गेली असे म्हणवत नाही. आणि वयचोरी पकडण्यासाठी वापरतात त्या मनगटाच्या एक्स-रेमधूनही कळते ते हाडांचे वय, जन्माचे नव्हे. पोषण कमी असेल तर हाडे वयाच्या मागे राहतात. तेव्हा या जिल्ह्यातल्या मुलाच्या बाबतीत दाखला एक वय सांगतो, हाड दुसरे सांगते आणि मैदानावर तिसरेच दिसते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग लामिन यामालचे काय? एप्रिल २०२३मध्ये तो बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडून खेळला तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता, आणि युरो २०२४च्या उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध त्याने गोल केला तो सतराव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी. पेले १९५८चा विश्वचषक सतराव्या वर्षी जिंकून बसला. उदाहरणे खरी आहेत, पण ती आपल्याला ठाऊक आहेत याचे कारणच मुळी ती माणसे टिकली. फ्रेडी आडू एप्रिल २००४मध्ये, चौदाव्या वर्षी, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला तेव्हा त्यालाही पुढचा पेले म्हटले गेले होते. पुढे पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील, सर्बिया, फिनलंड असे त्याचे क्लब बदलत गेले आणि अमेरिकेकडून तो १७ सामने खेळला. कोणते उदाहरण अपवाद आणि कोणते नियम, हे एकेका नावावरून ठरत नाही. त्यासाठी मोठा संच लागतो. जर्मन क्रीडावैज्ञानिक आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी अनेक खेळांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला. सतरा-अठरा वर्षांखालील वयोगटात आंतरराष्ट्रीय पातळी गाठलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्के खेळाडू प्रौढ गटात त्या पातळीवर पोहोचलेच नाहीत. उलट बाजूने, प्रौढ गटात आंतरराष्ट्रीय झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के खेळाडू त्या कोवळ्या वयात त्या पातळीवर नव्हते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिसते ते असे: यशस्वी किशोर आणि यशस्वी प्रौढ ही बहुतांशी वेगवेगळी माणसे असतात. त्याच गटाच्या आणखी एका विश्लेषणात जागतिक दर्जाचे प्रौढ खेळाडू लहानपणी अधिक खेळ खेळलेले, मुख्य खेळ उशिरा धरलेले आणि सुरुवातीला संथ प्रगती केलेले आढळले.

आपल्याकडचा ताळा २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला आणि एकवीस मुलांना दीर्घ निवासी शिबिरांतून घडवले गेले. त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४ अशी हार झाली. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने केलेला गोल हा या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. त्या वर्षी या मुलांवर जेवढा प्रकाशझोत होता तेवढा भारतातल्या कुठल्याही फुटबॉल संघावर क्वचितच पडला असेल. पुढे जिक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली असे मोजकेच वरिष्ठ संघात स्थिरावले. अनिकेत इंडियन ॲरोज, जमशेदपूर, ईस्ट बंगाल, हैदराबाद अशा संघांतून व्यावसायिक खेळत राहिला, आणि ही काही लहान कामगिरी नव्हे. कोल्हापूरच्या मुलामागे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींची, शाहू स्टेडियमच्या गर्दीची, फुटबॉल समजणाऱ्या पेठांची पाठराखण असते. व्यावसायिक संघाने नाव कमी केले तरी त्याला परत येऊन खेळायला मैदान आहे आणि ओळखणारी माणसे आहेत. नंदुरबारच्या मुलाला हे मागचे दार नाही.

आता निवडल्या गेलेल्या मुलाचे शरीर पाहू, कारण ताण आधी तिथे पडतो. वाढत्या हाडाच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी असते आणि ती शेजारच्या पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. उंचीची उडी चालू असताना हाड आधी लांबते, स्नायू नि त्याचा दोर मागून ताणला जातो. प्रत्येक किक, प्रत्येक अचानक थांबा हा दोर जिथे हाडाला जोडला आहे तिथे ओढ देतो. टाचेचे आणि गुडघ्याखालच्या उंचवट्याचे दुखणे या वयातल्या फुटबॉलपटूंत इतके सर्रास आढळते ते यामुळेच. कधी खुब्याजवळचा हाडाचा टवकाच निघतो. यावर इलाज म्हणजे बहुधा भार कमी करणे, आणि शिबिरातून नाव कापले जाण्याची भीती असलेला मुलगा नेमके तेच करत नाही. तो दुखणे लपवतो. वाढ संपत आलेल्यांचीही सुटका नसते. बार्सिलोनाचा पेद्री अठराव्या वर्षी, २०२०-२१च्या एका हंगामात, क्लब, देश आणि ऑलिम्पिक मिळून ७३ सामने खेळला आणि पुढे मांडीच्या दुखापतींनी बेजार झाला. त्याच क्लबचा आन्सु फाती सोळाव्या वर्षी चमकला, अठराव्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियांच्या फेऱ्यात सापडला. हे जगातल्या सर्वांत सुसज्ज वैद्यकीय पथकांपैकी एकाच्या देखरेखीखाली झाले, हे विसरू नये. आश्रमशाळेत भात-डाळीच्या ताटावर दिवसातून दोनदा सराव करणाऱ्या मुलाच्या शरीरात वाढ, अभ्यास आणि खेळ यांच्यात ऊर्जेची ओढाताण होते, आणि पुरवठा अपुरा असला की शरीर वाढीतूनच कपात करते. मुलींमध्ये हे पाळी लांबण्यातून किंवा थांबण्यातून उघड दिसते.

नंदुरबारला आणखी एका गोष्टीची जोड आहे: सिकलसेल. भिल्ल आणि पावरा समाजांत या जनुकाचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. वाहक व्यक्तीला आजार नसतो आणि तिने खेळू नये असे मुळीच नाही. पण उष्णता, शरीरातले पाणी कमी होणे आणि उसंत न देता करून घेतलेला टोकाचा व्यायाम हे तिन्ही जुळून आले तर वाहकाच्या रक्तातल्या पेशीही विळ्यासारख्या वाकून स्नायूंना इजा करू शकतात. अमेरिकेत २००६मध्ये एका विद्यापीठ खेळाडूचा सरावानंतर मृत्यू झाला आणि २०१०पासून तिथल्या सर्वोच्च श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंची या जनुकासाठी तपासणी सुरू झाली. त्यातून पुढे आलेला उपाय साधा आहे: सराव हळूहळू वाढवा, पाणी द्या, दमलेल्याला थांबू द्या. निवडीच्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात दमसास अजमावण्याची हौस मात्र याच्या नेमकी उलट जाते.

मनाचे सांगायचे तर इंग्लंडमध्ये अकादमीतून वगळलेल्या किशोर फुटबॉलपटूंची पाहणी झाली. वगळल्यानंतर तीन आठवड्यांनी त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये उपचाराची गरज वाटावी इतकी मानसिक अस्वस्थता होती. ज्याची सारी ओळख एका जर्सीत सामावली आहे त्याच्याकडून ती काढून घेतली की काय उरते, हा प्रश्न तिथल्या मुलालाही पेलला नाही. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारा, बारा वर्षांचा असताना शहरातल्या वसतिगृहात गेलेला मुलगा त्याआधीच एकदा मुळापासून सुटलेला असतो. अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर फिफाने मोजके अपवाद वगळता बंदी घातली आहे आणि ती मोडल्याबद्दल बार्सिलोनालाही २०१४मध्ये शिक्षा झाली. धडगाव ते पुणे या प्रवासाला ती बंदी लागू नाही.

सर्वांत जड आक्षेप गरिबीचा आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला पंधराव्या वर्षी खेळातून चार पैसे आणि दोन वेळचे सकस जेवण मिळत असेल, तर त्याला थांब म्हणणारे आपण कोण? हा आक्षेप शास्त्राने खोडता येत नाही, आणि खोडूही नये. पण त्यातून घाईची बाजू सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती जेवणाची आणि शिष्यवृत्तीची गरज, आणि त्या दोन्ही गोष्टी निवड झालेल्या एकाऐवजी खेळणाऱ्या पन्नासांना देता येतात. शिवाय लवकरची निवड गरिबाला संधी देते हे गृहीतच तपासून पाहावे: तेराव्या वर्षीची चाळणी ज्यांना आधी गाळते ती उशिरा वाढणारी, म्हणजे बहुधा गरिबाघरचीच मुले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले ते २०१०मध्ये, पंचविसाव्या वर्षी. लांब पल्ल्याची धाव आणि फुटबॉल यांची गणिते वेगळी आहेत हे मान्य, तरी आदिवासी पट्ट्यातल्या गुणवत्तेला वेळ दिला तर काय होते याचा हा पुरावा आहेच.

दुसरे म्हणणे प्रशिक्षकांचे: चेंडूवरची हुकमत लहानपणीच येते, उशीर केला तर पाय जड होतात. ते बरोबर आहे, पण ते खेळायला लवकर सुरुवात करण्याविषयी आहे, निवड लवकर करण्याविषयी नाही. सहाव्या वर्षापासून रोज चेंडू पायाशी असावा. बाराव्या वर्षी बाकीच्या चाळीस जणांकडून तो काढून घेऊ नये.

मग करायचे काय, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमधल्या क्लबांनी वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले. बेल्जियमचा महासंघ उशिरा वाढणाऱ्या किशोरांसाठी वेगळा राष्ट्रीय संघ चालवतो. वाढीचा टप्पा ओळखायला तिथे वापरतात ते सूत्र मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याची अंतिम उंची वर्तवते. ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मुलांच्या नोंदींवर बेतलेले असल्याने सातपुड्यात जसेच्या तसे चालणार नाही. जिथे आईवडिलांचीच उंची कुपोषणाने खुंटली आहे तिथे ते फसेल. पण एका मुलाची उंची दर तीन महिन्यांनी त्याच्याच मागच्या उंचीशी ताडून पाहायला कुठलेच परदेशी सूत्र लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमधून मुलांची उंची-वजने नोंदवतातच. ती नोंद आरोग्य विभागाच्या रजिस्टरमध्ये राहते, क्रीडाशिक्षकाच्या हातात पडत नाही. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धेत वयोगटाच्या सामन्यांबरोबर उंचीच्या वाढीनुसार पाडलेल्या गटांचे सामने ठेवायला नंदुरबार आणि तळोदा या दोन प्रकल्प कार्यालयांना भिंतीवर लावायची पट्टी, हे रजिस्टर आणि एक जास्तीचा दिवस लागेल. त्या दिवशी कोणाचेही नाव कुठल्याही यादीत घालायचे नाही, एवढी अट मात्र आधीच ठरवावी लागेल.