गंधाने फसवले, रंगाने सांगितले

नाशिकचा द्वारका चौक सदैव वाहनांनी गजबजलेला असतो. मुंबई-आग्रा महामार्ग व पुण्याचा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. शहरातील अशा रस्त्यांवर ठिकठिकाणी लोखंडी झाकणे दिसतात. त्यांच्याखाली भुयारी गटारे असतात. तेथे हवा खेळत नाही. सांडपाण्यातील घाण कुजते आणि तीतून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो.

या वायूस नासक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. मग तो नाकाने सहज ओळखता येईल, असे तुम्ही म्हणाल. परंतु घात होतो तो येथेच! वायूचे प्रमाण वाढले, की नाकाची गंध घेण्याची शक्तीच बधिर होते. दुर्गंधी गेली असे वाटते, पण वायू तेथेच असतो. गटारात उतरलेल्या कित्येक कामगारांना या वायूमुळे प्राणांस मुकावे लागले आहे.

नाक फसते तेथे रंग उपयोगी पडतो. लेड ॲसिटेटच्या द्रावणात भिजवलेला कागद या वायूत धरला, तर तो काळा पडतो. कागद सच्छिद्र असतो; वायू त्याच्या तंतूंत शिरतो, शिशाशी संयोग पावतो आणि काळे लेड सल्फाइड तयार होते.

शास्त्रज्ञांनी याहून कितीतरी सूक्ष्म छिद्रांचे स्फटिक घडवले आहेत. त्यांत धातूचे अणू सांध्यांसारखे असतात, तर कार्बनयुक्त रेणू तुळयांसारखे त्यांना जोडतात. अशा कित्येक स्फटिकांच्या एका ग्रॅमात हजार चौरस मीटरांहून अधिक पृष्ठभाग सामावलेला असतो! या शोधासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन व ओमर याघी यांना २०२५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली झिर्कोनियम धातूच्या अशाच एका पदार्थाचे गुण प्रसिद्ध केले. पाण्यात विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड त्याच्या छिद्रांत शिरला, की आतील रेणूंची रचना बदलते आणि अतिनील प्रकाशात तो पदार्थ चमकू लागतो. हा प्रयोग प्रयोगशाळेतील होय. गटारातील हवा तपासणारे ते उपकरण नव्हे.

संरक्षक साधनांवाचून माणसास गटार साफ करावयास लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. विज्ञान धोका दाखवून देईल. परंतु त्या धोक्यात आपल्या बांधवास न लोटणे, हे कर्तव्य आपलेच आहे.