लाइपझिगचा वाद्यवृंद : राजाश्रयाविना

अठराव्या शतकातील जर्मनीत मोठा वाद्यवृंद बहुधा राजाच्या वा सरदाराच्या पदरी असे आणि वादकांची गणना दरबारच्या सेवकांत होई. लाइपझिग हे मात्र व्यापाराचे व विद्यापीठाचे नगर. तेथे राजदरबार नव्हता. १७४३ साली तेथील सोळा प्रतिष्ठितांनी खर्च उचलून सोळा वादकांचा वृंद उभा केला. मैफली प्रथम खाजगी घरी, नंतर एका खानावळीत होत. १७८१ मध्ये कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर स्वतंत्र सभागृह झाले. ‘गेवांट’ म्हणजे वस्त्र व ‘हाउस’ म्हणजे घर. हे नाव वाद्यवृंदास असे चिकटले की, आज ‘गेवांटहाउस’ म्हणताच कापड कोणास आठवत नाही.

१८३५ साली फेलिक्स मेंडेल्सोन या वृंदाचा प्रमुख झाला. तोपर्यंत केवळ वाद्यांच्या रचनांचे नेतृत्व प्रमुख व्हायोलिनवादक आपल्या जागेवरूनच करी. मेंडेल्सोनने हाती छडी घेऊन समोर उभे राहण्याचा प्रघात पाडला. शूबर्टच्या निधनानंतर अप्रकाशित राहिलेली थोरली सी मेजर सिंफनी १८३९ मध्ये येथेच प्रथम वाजली. तथापि याहून मोलाचे कार्य म्हणजे वादकांच्या वेतनवाढीसाठी त्याने केलेला पाठपुरावा होय. १८४३ मध्ये त्याने संगीतविद्यालय स्थापिले व वृंदातील वादक तेथे अध्यापक झाले. मैफल, नाट्यगृहातील ऑपेरा आणि सेंट टॉमस चर्च अशा तिहेरी सेवेमुळे वादनावर चरितार्थ चालविणे शक्य झाले. ‘व्यावसायिक’ या विशेषणाचा खरा आशय हाच. कौशल्य तर हौशी वादकापाशीही असू शकते.

परंतु नगराचा आश्रयही निर्धोक नसतो. नाझी सत्तेवर येताच, मार्च १९३३ मध्ये, ज्यू असलेल्या ब्रूनो वाल्टर या प्रमुखाची मैफल बंद पाडण्यात आली. मेंडेल्सोनचा जन्मही ज्यू कुळातला. गेवांटहाउससमोरील त्याचा पुतळा नोव्हेंबर १९३६ मध्ये, नगरप्रमुख गोर्डेलर परगावी असताना, हलविण्यात आला. पुतळा पुन्हा बसविला जात नाही असे दिसताच गोर्डेलरने पद सोडले. पुढे हिटलरविरोधी कटात सहभागी असल्याबद्दल १९४५ मध्ये त्यास फाशी देण्यात आली.

१८८४ चे दुसरे सभागृह बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले. तिसरे उभे राहण्यास १९८१ साल उजाडले. हरवलेल्या पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये सेंट टॉमस चर्चजवळ बसविण्यात आली. त्या चर्चमध्ये या वृंदाचे वादक आजही साथीस बसतात.