नौका स्वस्त, सांभाळणे महाग

अमेरिकेत थंडी ओसरू लागली, की जुन्या नौकांच्या बाजाराला जाग येते. घराच्या अंगणात, गॅरेजच्या कडेला किंवा मरीनाच्या मागच्या आवारात हिवाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या नौकांवर 'विकणे आहे' अशा पाट्या झळकू लागतात. चार माणसांची झोपायची सोय, लहानसे स्वयंपाकघर आणि डोलकाठीसह तीस फूट लांबीची शिडाची नौका एखाद्या जुन्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते, हे पाहून नवख्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तो घासाघीस करतो, किंमत आणखी थोडी खाली आणतो आणि आपण मोठा सौदा मारला या समाधानात घरी परततो. प्रत्यक्षात खरेदीची रक्कम हा या व्यवहारातला सर्वांत छोटा खर्च असतो, हे त्याला बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात कळते.

हा बाजार जुना असला, तरी त्यात नवख्यांची एवढी गर्दी झाली ती कोरोनाच्या साथीत. २०२० मध्ये विमानप्रवास थांबला, हॉटेले व चित्रपटगृहे बंद झाली. कुटुंबाला घेऊन मोकळ्या हवेत जाण्याचा, तोही चार परक्या माणसांच्या संपर्कात न येता, एक मार्ग उरला होता. तो म्हणजे पाणी. त्या वर्षी आयुष्यात प्रथमच नौका घेणाऱ्यांची संख्या चार लाखांहून अधिक होती, असा अमेरिकेतील नौका-उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज आहे. कारखान्यांना नव्या नौकांची मागणी पुरवता येईना. साहजिकच ग्राहक जुन्या नौकांकडे वळले आणि एरवी वर्षागणिक उतरणाऱ्या त्यांच्या किमती चढू लागल्या. पाण्यात उतरवून न पाहताच, केवळ छायाचित्रांवर भरवसा ठेवून व्यवहार होऊ लागले.

जुन्या नौका मुळात एवढ्या संख्येने शिल्लक राहिल्या कशा, याचे उत्तर फायबरग्लासमध्ये आहे. लाकडी नौकेला आयुष्य असते; निगा राखली नाही तर ती कुजते आणि संपते. मात्र १९५९ च्या न्यूयॉर्क नौका-प्रदर्शनात 'पिअर्सन ट्रायटन' ही फायबरग्लासची शिडाची नौका आली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत साच्यातून काढलेल्या अशा हजारो नौका मध्यमवर्गाच्या हाती पडल्या. फायबरग्लास कुजत नाही. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची कवचे आजही शाबूत आहेत. म्हातारे होते ते त्या कवचातले बाकीचे सारे: इंजिन, विजेच्या तारा, इंधनाची टाकी, रबरी नळ्या, डोलकाठीला तोलून धरणाऱ्या पोलादी तारा, खिडक्यांची सांधणी आणि शिडे. गिऱ्हाइकाला दिसते ते चकचकीत रंगवलेले कवच. त्याने विकत घेतलेले असते ते आतले म्हातारपण.

इथे नव्या मालकाचा हिशेब चुकतो. वर्षाचा खर्च नौकेच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के धरावा, असा एक ठोकताळा या व्यवसायात सांगितला जातो. नव्या नौकेला तो कसाबसा लागू पडतो. जुन्या नौकेला मात्र तो फसवा आहे, कारण खर्च किमतीबरोबर उतरत नाही. मरीनातील जागेचे भाडे फुटावर आकारले जाते. हिवाळ्यासाठी नौका बाहेर काढणे, तिचे बूड घासून शेवाळ व कालवे रोखणारा रंग देणे, वसंतात पुन्हा पाण्यात सोडणे यांचे दरही बहुतेक ठिकाणी फुटावरच ठरतात. रंगाच्या डब्याला किंवा डिझेल इंजिनाला आपण दहा हजार डॉलरच्या नौकेत जाणार आहोत की एक लाखाच्या, याच्याशी कर्तव्य नसते. त्यात लांबी वाढली, की भार निव्वळ तेवढ्याच पटीने वाढत नाही. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दुप्पट झाल्यास आकारमान आठपट होते. नांगर, दोर, शिडे आणि इंजिन त्या मानाने मोठी लागतात. वीस फुटी नौका आठ हजारांत आणि तीस फुटी दहा हजारांत मिळत असेल, तर दुसरीकडे हात जाणे स्वाभाविक आहे. पण दहा हजारांच्या शिडाच्या नौकेचे डिझेल इंजिन निकामी झाले, तर नवे बसवण्याचा खर्च नौकेच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. मग ते इंजिन तसेच राहते आणि नौका धक्क्याला.

दोष दडतात कुठे, हेही समजून घेण्याजोगे आहे. फायबरग्लासची नौका म्हणजे सगळी फायबरग्लासची, असा समज असतो. अनेक नौकांचे डेक आणि काहींची कवचेही फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड घालून केलेली असतात. वजन कमी व्हावे आणि ताठपणा यावा, हा हेतू. डेकवर एखादी कडी किंवा कठडा बसवताना पाडलेले भोक नीट बुजवले नाही, तर तिथून पाणी आत झिरपते आणि मधले लाकूड वर्षानुवर्षे आतल्या आत भुगा होत राहते. वरून मात्र सारे गुळगुळीत. बाहेर टांगलेले इंजिन ज्या मागच्या उभ्या भिंतीवर पेलले जाते, तिच्यातही लाकूड असते आणि तेही असेच कुजते. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या पेट्रोल इंजिनात ज्या बिडाच्या भागांतून जळका वायू व थंड करणारे पाणी एकत्र बाहेर पडते, ते आतून गंजतात. दर पाच-सात वर्षांनी ते बदलावे लागतात. ते फुटले तर समुद्राचे पाणी थेट इंजिनात शिरते. इंजिन सुरळीत चालू आहे, एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. मूळ मालकाला तो असतोच असे नाही.

म्हणूनच सर्व्हेअर. नौकेची तपासणी करणाऱ्या या मंडळींच्या तिथे दोन प्रमुख व्यावसायिक संघटना आहेत. सर्व्हेअर नौका पाण्याबाहेर काढायला लावतो, छोट्या हातोडीने कवचावर इंच इंच ठोकत जातो आणि आवाज ऐकतो. धड भागातून खणखणीत आवाज येतो, आत भिजलेल्या किंवा सुटलेल्या थरातून बद्द. (बाजारात नारळ वाजवून घेणाऱ्यास हे शास्त्र वेगळे समजावून सांगायला नको.) ओल मोजण्याचे यंत्र त्याच्याकडे असते, बुडाला छिद्र पाडून बसवलेल्या तोट्या फिरतात की जाम झाल्या आहेत, हे तो पाहतो. त्यानंतर नौका पाण्यात सोडून पूर्ण वेगाने चालवून बघायची. इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल तर ती शंकेची जागा मानावी, कारण जुन्या इंजिनाचे खरे दुखणे ते थंड असताना सुरू करताना उघडे पडते. या सगळ्याला साधारण फुटामागे वीस ते तीस डॉलर आणि नौका उचलण्याचा खर्च वेगळा पडतो. स्वस्त नौका घेणाऱ्याला नेमका हाच खर्च जिवावर येतो. वास्तविक नौका जितकी स्वस्त, तितकी तपासणी अधिक गरजेची. सर्व्हेअर ब्रोकरने सुचवलेला नसावा, हे तर उघडच आहे. ब्रोकरचे कमिशन व्यवहार पार पडण्यावर अवलंबून असते.

कागदपत्रांचा घोळ निराळा. मोटारीप्रमाणे नौकेच्या मालकीहक्काचा दाखला अमेरिकेतील सर्वच राज्ये देत नाहीत. आधीच्या मालकाने काढलेले कर्ज नौकेवर शिल्लक असेल, तर ते नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या नौकांवर बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरलेला असणे बंधनकारक आहे. तो खरवडलेला किंवा कागदाशी न जुळणारा दिसला, की व्यवहार तिथेच थांबवणे शहाणपणाचे.

या क्रमांकाचे महत्त्व वादळानंतर वाढते. २०१२ च्या 'सॅंडी' वादळात ६५ हजारांहून अधिक, तर २०१७ च्या 'हार्वे' आणि 'अर्मा' या दोन वादळांत मिळून ६३ हजारांहून अधिक खासगी नौकांचे नुकसान झाले, असा 'बोटयूएस' या नौकामालकांच्या संघटनेचा अंदाज होता. विमा कंपनीने निकालात काढलेल्या अशा नौका लिलावात जातात. काही प्रामाणिकपणे दुरुस्त होतात. काहींना नुसता रंग चढतो आणि त्या दूरच्या राज्यात, जिथे वादळाची आठवण कोणाला नसते, तिथे विकल्या जातात. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द करारात असले, की विकणाऱ्याकडे फारसे बोट दाखवता येत नाही.

साथीच्या काळात चढ्या भावाने घेतलेल्यांची गत आणखी वेगळी झाली. तिथे नौकेसाठी पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज सहज मिळते. मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ शून्यावर असलेला मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात गेला. नव्या गिऱ्हाइकांना कर्ज महागले, मागणी आटली. कार्यालये उघडल्याने हौसही ओसरली. शिखरावर असताना नौका घेणाऱ्यास ती विकायची म्हटले, तर हाती येणारी रक्कम कर्ज फेडायलाही अपुरी, अशी स्थिती उद्भवते. न विकावी तर मरीनाचे भाडे दर महिन्याला चालूच.

पैशाचा हिशेब हा असा. जिवाचा हिशेब याहून गंभीर आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार हौशी नौकानयनातील अपघातांत २०१९ मध्ये ६१३ जणांचा मृत्यू झाला होता. २०२० मध्ये ही संख्या ७६७ झाली. एका वर्षात २५ टक्के वाढ. चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती मिळालेल्या प्रकरणांपैकी ७७ टक्के मृत्यू सुरक्षेचे प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या नौकांवर झाले. मृतांपैकी तीन-चतुर्थांश बुडून गेले आणि त्या बुडालेल्यांपैकी ८६ टक्के लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. पुढे हे प्रमाण उतरत गेले आणि २०२४ मध्ये मृतांची संख्या ५५६ पर्यंत खाली आली, ही समाधानाची बाब. पण २०२० ची उसळी पुरेशी बोलकी आहे.

मोटार चालवता येणाऱ्याला नौका चालवता येईल असे वाटते, आणि घात होतो तो इथे. नौकेला ब्रेक नसतो. तिचे वळणे मागून होते. सुकाणू फिरवले की पुढचे टोक एका बाजूला आणि मागचे दुसऱ्या बाजूला सरकते. वेग कमी केला की सुकाणूची पकडही कमी होते, आणि धक्क्याला लागताना वारा नौकेला हवे तिकडे नेतो. ट्रेलरवरून नौका पाण्यात उतरवताना बुडाचे बूच लावायचे राहून जाणे ही तर नवख्यांची नेहमीची चूक. दहा मिनिटांत पाय ओले होतात. नांगर टाकताना पाण्याच्या खोलीच्या सातपट दोर सोडावा लागतो, हे ठाऊक नसलेला मालक खोलीएवढाच दोर सोडतो आणि झोपेत नौका खडकाकडे सरकते. आत बसवलेले पेट्रोल इंजिन असेल, तर चालू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे पंख्याने तळातली वाफ बाहेर काढायची असते. ते विसरले तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

कायदा यात कितपत आड येतो? फारसा नाही. फ्लोरिडात १ जानेवारी १९८८ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांनाच दहा अश्वशक्ती किंवा अधिकच्या नौकेसाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ आयुष्यात कधी सुकाणू न धरता दुपारी नौका घेऊन संध्याकाळी समुद्रात जाऊ शकतो. कॅलिफोर्नियाने टप्प्याटप्प्याने ही अट वाढवत नेली आणि १ जानेवारी २०२५ पासून सर्व वयाच्या मोटरनौका-चालकांना ती लागू केली. कायद्याने सोडलेली ही जागा बऱ्याच अंशी विमा कंपन्या भरून काढतात. पहिलीच नौका चाळीस फुटी घेणाऱ्याला त्या विमा नाकारतात किंवा काही तास परवानाधारक कप्तानासोबत चालवण्याची अट घालतात. जुन्या नौकेला सर्व्हेअरचा अहवाल मागतात. विम्याशिवाय बहुतेक मरीना जागा देत नाहीत. हौशी मालकाला हा जाच वाटतो. त्याला वेळीच थांबवणारे दुसरे कोणी नसते, हेही खरे.

मुंबईच्या वाचकाला यातील काही गोष्टी परक्या वाटतील. गेटवेसमोर किंवा मांडव्याच्या बाजूला दिसणाऱ्या खासगी नौका बहुधा पगारी खलाशी चालवतात. मालक पाहुण्यासारखा येतो. अमेरिकेत मालकच तांडेल, मालकच खलाशी आणि दुरुस्तीचा मिस्त्रीही तोच. किनाऱ्यावरील कोळी पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढतो तेव्हा तिच्यातले दुखणे त्याला ठाऊक असते, कारण तो वर्षभर तिच्यावर असतो. हौशी मालक वर्षातून मोजके दिवस नौकेवर जातो, आणि नौका वापराने बिघडते त्याहून अधिक न वापरल्याने बिघडते. टाकीत पडून राहिलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल शोषते, बॅटरी उतरते, पंपाचे रबर कडक होते.

सरतेशेवटी 'फुकट घेऊन जा' अशी पाटी लागते. मरीनाचे भाडे थकल्यामुळे एक डॉलरला विकल्या जाणाऱ्या नौका काही दुर्मीळ नाहीत. फुकट मिळालेली नौका नेणाऱ्याला भाडे, दुरुस्ती आणि जबाबदारी हे तिन्ही एकदम मिळते. अनेकदा तो आधीच्या मालकाहून गरीब आणि अधिक नवखा असतो. त्यालाही झेपले नाही, तर नौका खाडीत नांगरून सोडून दिली जाते. तिथे ती बुडते, तेल सांडते, आणि काढण्याचा खर्च सरकारवर येतो. फायबरग्लासला भंगारात किंमत नाही. म्हणून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडाने नको असलेली नौका बेवारस होण्यापूर्वीच मालकाकडून विनामूल्य स्वीकारण्याच्या योजना सुरू केल्या आहेत. अशा नौकेतील इंधन आणि बॅटरी आधी काढून घेतात, मग यंत्राने चुरा करून कवच कचराभूमीत पाठवतात. शिडाच्या नौकेच्या कण्यात शिसे असेल, तर तेवढे भंगारात विकले जाते.